सिंधूच्या पदरातली गाठ

नांदुरा,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय छकुली,

रविवारी फोनवर तू मला एक सरळ प्रश्न विचारलास आणि मी ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणत फोन ठेवून दिला. आवाज खणखणीत येत होता. पण माझ्या हातात तुझ्या आईच्या नाकातल्या नळीत पेज सोडायची सिरिंज होती, खाटेच्या पायथ्याशी शेजारची तानुबाई कान टवकारून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मला फोनवर बोलता येतच नाही. रेल्वे फाटकावर अख्खी नोकरी फोनशेजारी काढली, पण तिथे दोनच वाक्यं लागायची. तिसरं शिकायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. ‘बाबा, आजकाल पत्र कोण लिहितं’ म्हणून हसशील, तर हस. निदान कागद मधेच कट होत नाही, आणि तानुबाईला माझं अक्षर लागत नाही.

आधी इकडची खबर. मार्केटात कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, स्टेशनकडे सायकल काढायची सोय नाही. आपलं फाटक बंद करून खालून रस्ता केला, तो तू पाहिलासच. माझी केबिन अजून उभी आहे आणि तिच्यात बकऱ्या बसतात. मी ड्युटीवर असताना एका बकरीची हिंमत नव्हती. रविवारी विहारात वंदनेला जायचं माझं बंद झालं, कारण आईला एकटं टाकता येत नाही. मग महामाया मावशी सोनाळ्याहून अधूनमधून येते आणि इथे खाटेजवळ बसूनच वंदना म्हणते. येताना शेंगदाण्याचे लाडू आणते. कुणासाठी आणते कोण जाणे, आई खात नाही आणि मला दातांचा त्रास.

तू तिकडे पुण्यात जर्मन शिकलीस, परीक्षाही पास झालीस. आम्हीही इकडे एक भाषा शिकलो आहोत. आईचा उजवा अंगठा हलला की पाणी. डावी पापणी आधी मिटली की पंखा बंद. जांभई आली की कूस बदला. घशातून घरघर आली म्हणजे घरात आलेलं माणूस तिला पसंत नाही. हा सगळा कोश तानुबाईचा. तिचं मला एकच म्हणणं, ‘दयारामभाऊ, तुमाले दिसून नाई राह्यलं. सिंधूवैनी मले हासल्या आत्ता.’ सुतावरून स्वर्ग गाठावा तर तिनेच. तिच्या हिशेबाने परवाच्या एका सकाळी तुझ्या आईने चहा मागितला, धाकट्या भावाला माफ केलं आणि मी केलेल्या वालाच्या भाजीला नावं ठेवली. शेवटचं तेवढं मला पटलं होतं.

मावशीचं वेगळंच. ‘भाऊजी, बुद्धं सरणं म्हनलं का ताई डोये मिटते,’ म्हणते. मी म्हटलं, महामाये, ती तू पाढे म्हणत बसलीस तरी मिटेल, पापणी कोरडी पडते म्हणून मिटते. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मी काय करू? मला तसं वाचता येत नाही, आणि त्याचं कारण माझी नोकरी.

फाटकावरचा फोन वाजला की स्टेशन मास्तर म्हणायचे, गाडी सोडतो, गेट लाव. मी गेट लावायचो, कुलूप घालायचो, मग फोनवर सांगायचो की लावलं. पण ‘लावलं’ या शब्दाला काडीची किंमत नव्हती. छापील तक्त्यावरचा पुढचा आकडा वाचून दाखवायचा, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, आणि वापरला की त्यावर काट मारायची. तो नंबर मिळाल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नसत. तू लहानपणी विचारायचीस, बाबा, तुम्ही खरं बोलता हे त्यांना माहीत आहे ना, मग नंबर कशाला? माणूस खरं बोलतो गं. पण झोपेत बोलतो, घाईत बोलतो, लावायचं मनात असलं तरी लावलं म्हणतो. नुसत्या मनात असण्यावर गाडी सोडली तर माणसं मरतात. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, खुणेचा अर्थ एकच पाहिजे आणि तो दोन्ही टोकांना ठाऊक पाहिजे.

तुझी आई याच्या अगदी उलट. तिला सगळ्या गोष्टींतून कळायचं. दाराशी मी सायकलचं स्टँड कसं लावतो यावरून तिला समजायचं, आज साहेबाची तपासणी झाली की नाही. मी गप्प असलो की विचारायची, ‘काऊन जी, आज फाटक बंद हाय का?’ मी हसलो की म्हणायची, चला, उघडलं. तुझ्या चपलांच्या आवाजावरून तिने तुझा नववीचा गणिताचा निकाल ओळखला होता, आठवतं ना? पण शकुन-अपशकुन तिने कधी मानले नाहीत. मांजर आडवं गेलं तर म्हणायची, त्याले बी काम असन. भाकरी फुगली नाही की पीठ सादळलंय, हवा ओली आहे, वाळवण आत घ्या, असा तिचा सरळ हिशेब. आणि तो बरोबर यायचा. मी तिला चिडवायचो की तुला स्टेशन मास्तर करायला पाहिजे होतं.

आणि तिची ती पदराची गाठ. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ मारायची. जुन्या बायका सगळ्याच मारतात, पण हिचं काम झाल्याशिवाय गाठ सुटायची नाही. दिवसभर दोन दोन गाठी लटकवत फिरायची. मी एकदा विचारलं, गाठ कशाची ते तरी लक्षात राहतं का? म्हणाली, गाठीले ठाऊक असते. मी हसलो होतो.

मागच्या वर्षी ती अंगणात अंबाडी निवडत बसली होती आणि तिथेच कलंडली. अकोल्याच्या दवाखान्यात आत नेताना नर्सबाईने तिची साडी पिशवीत भरून माझ्या हातात दिली. निळी, बारीक काठाची, तू पहिल्या पगारात घेतलेली. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर पदराला गाठ. आत काही बांधलेलं नव्हतं, नुसतीच आठवणीची गाठ. त्या दिवशी सकाळी तिला काहीतरी लक्षात ठेवायचं होतं आणि ते काय हे आता जगात कुणालाच माहीत नाही.

त्या गाठीचेही अर्थ लावून झाले. तानुबाई म्हणाली, माझी पुरणाची चाळणी तिच्याकडे होती, ती परत द्यायची असेल. मावशी म्हणाली, सोनाळ्याला नव्या विहारासाठी दान देईन म्हणाली होती ती. तू म्हणालीस, बाबा, दोन दिवसांनी माझा वाढदिवस होता. मला वाटलं होतं, माझ्या चष्म्याची काडी मोडली होती ती दुरुस्तीला टाकायची म्हणून असेल. बघ, ज्याच्या त्याच्या गरजेची गाठ निघाली. चाळणी परत दिली, दान दिलं, चष्मा मीच बदलून आणला. एवढं करूनही गाठ साडीला होती तशीच.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. भला माणूस, खुर्ची ओढून समोर बसून बोलला. डोळे उघडतील, झोप-जाग येईल, हातपाय हलतील, जांभया येतील. पण बघणारं आत कुणी असेल असं धरून चालू नका. मी विचारलं, कधीपर्यंत? तो म्हणाला, काका, मी तुम्हाला आशा लावत नाही. मला तो माणूस आवडला. त्याने सिग्नल स्वच्छ लाल दिला होता. घरी आल्यावर मात्र जो तो येऊन मला हिरवा दाखवायला लागला.

मग दसऱ्याला तू आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाजारातून येऊन दारात उभी होतीस, आणि तिकडे दुपारच्या पॅसेंजरने शिटी दिली. तुला माहीत आहे, त्या शिटीला आई चहाचं आधण ठेवायची. ती गाडी गेली की माझी ड्युटी संपायची आणि मी घरी पोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. त्या दिवशी शिटी झाली आणि आईने मान वळवली. सरळ दाराकडे, तुझ्याकडे. तुझ्या हातातली पिशवी पडली. इतकी वर्षं पुण्यात राहून कमावलेली शुद्ध मराठी एका क्षणात सुटली तुझी, ‘बाबा, आईनं मले ओळखलं! आईनं मले ओळखलं!’ म्हणून तू तिच्या पायांवर पडून रडलीस. तानुबाई रडली, गल्ली गोळा झाली. दुसऱ्या दिवशीही शिटीच्या वेळेला मान वळली. तू पुण्याला गेलीस ती माझ्याकडून कबूल करून घेऊन, की मी रोज बघेन आणि तुला फोनवर कळवेन.

मी रोज बघितलं, छकुली. ‘आज वळली’ असं तुला रोज कळवलं, तेही खरंच होतं. आणि मलाही वाटायला लागलं होतं. फाटकवाल्याच्या बायकोला गाडीची शिटी आठवली तर त्यात काय नवल, असं मी स्वतःला म्हणायचो. शिटीच्या वेळेला दोन कप चहा टाकायला लागलो. एक तिच्या उशाशी ठेवायचो, वास जावा म्हणून, आणि निवल्यावर मीच प्यायचो. फार चांगले दिवस होते ते. तुला खोटं वाटेल, पण मी बाजारातून नवीन कपबश्या आणल्या.

डिसेंबरात रुळांच्या कामासाठी दुपारचा ब्लॉक होता. गाडी नव्हती. शिटी झाली नाही, आणि आईची मान वळली. तशीच, दाराकडे, त्याच वेळेला. मी आधण ठेवायला उठलो होतो तो तिथेच थांबलो. नोकरीतली सवय वाईट, मी तिच्या खाटेवर वाकून तिच्या डोळ्यांच्या रेषेत माझे डोळे आणले आणि खिडकीकडे पाहिलं. तानुबाईने दसऱ्याच्या आधी न्हाणीवर नवा पत्रा टाकला ना, त्या पत्र्यावरून उन्हाची तिरीप खिडकीतून येऊन नेमकी आईच्या तोंडावर पडत होती. तोंडावर ऊन आलं की तान्हं मूल झोपेतही मान फिरवतं. खिडकी एका बाजूला, दार दुसऱ्या बाजूला. एवढंच होतं ते.

तरी मी लगेच मानलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीवर गोधडी बांधली. पॅसेंजर आली, चांगली लांब शिटी देऊन गेली. आईची मान हलली नाही. ज्या दिवशी ढग होते त्या दिवशीही हलली नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, सिंधू, गाडी गेली, चहा टाक. मी तुझं नाव घेतलं, तुझ्या आजोबांचं घेतलं, खोटंच सांगितलं की माझी पेन्शन बंद झाली. काहीच नाही. मग मी गोधडी काढून टाकली. उद्या तिने पुन्हा दाराकडे बघावं म्हणून काढली, दुसरं काही कारण नव्हतं. आणि ती बघते. रोज बघते. मी रोज तुला तसं सांगत राहिलो, तिरिपीचं मात्र सांगितलं नाही, कारण फोनवर तुझा आवाज हसरा असायचा.

तू नर्स आहेस. बेशुद्ध माणसाला हाक मारून, चिमटा काढून, डोळ्यांत बॅटरी मारून तुम्ही लोक त्याचे गुण लिहिता, तूच मला समजावलं होतंस. दुसऱ्या कुणाची आई असती तर तू तिला किती गुण दिले असतेस? ते तू मला कळवायची गरज नाही. मला वाटतं दसऱ्यालाही तुला ठाऊक होतं. त्या पिशवीसोबत ते हातातून पडलं असेल.

आता सोमवारचं सांगतो. आदल्या दिवशी तुझा फोन येऊन गेला होता. तानुबाई गेले कित्येक महिने माझ्या मागे लागली आहे, ‘थे गाठ सोडा भाऊ. गाठ सुटली का वैनीची जीभ सुटते.’ मी तिला दर वेळी झापायचो. माझ्या बापाने मला बावीस प्रतिज्ञा पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या, आपल्या घरात असला प्रकार कधी झाला नाही, आणि तुझ्या आईने तर तो खपवून घेतला नसता. सोमवारी तानुबाई लग्नाला गेली होती, घरात कुणी नव्हतं. मी ट्रंकेतून ती निळी साडी काढली, खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो आणि गाठ सोडायला लागलो. वर्षभरात ती घट्ट होऊन बसली होती. नखाने निघेना, दातांनी धरली. मी, दयाराम गेटमन, आयुष्यभर लोकांच्या नवससायासांना हसणारा माणूस, दातांत बायकोचा पदर धरून बसलो होतो, आणि एक डोळा तिच्या ओठांवर ठेवून होतो. गाठ सुटली. मी बराच वेळ पाहत राहिलो. तिने जांभई दिली. मग तिरीप आली आणि तिने दाराकडे मान फिरवली.

पदराच्या टोकाला चुण्या पडल्या आहेत, त्या इस्त्रीनेही गेल्या नाहीत. आणि माझ्याकडे आता गाठही नाही. निदान ती होती तोवर तिने सांगितलेलं एक काम आपल्याकडे बाकी आहे, असं वाटायचं. सोडायला नको होती. मला फार वाईट वाटतंय, पोरी, तुला सांगतो म्हणून सांगतो.

तर तुझा प्रश्न. ‘बाबा, आई खरंच ओळखते ना? ओळखत असेल तर मी जर्मनीला जात नाही.’ उत्तर आहे, नाही. ती तुला ओळखत नाही, मलाही ओळखत नाही, आणि पुढेही ओळखणार नाही. तुझं विमान फेब्रुवारीत आहे, त्यात बस. तिकडे तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या म्हाताऱ्याने अंगठा हलवला तर तो खरंच पाणी मागत असेल, त्याला पाणी दे. इकडचं मी बघतो, पेज, कूस, पावडर, सगळं हाताला बसलं आहे. फक्त जाण्याआधी आपण दोघांत एक प्रायव्हेट नंबर ठरवून ठेवू. मी सोमवारी गाठ सोडली, तेव्हा माझा मला आता भरवसा नाही. तू तिकडे असताना एखाद्या दिवशी मी फोन करीन, आवाज आनंदाचा असेल, आणि मी म्हणेन की छकुली, आईने आज तुझं नाव घेतलं. मी ते शपथेवर सांगेन, तानुबाईची साक्ष देईन. तोच आपला नंबर समज. तू वाद घालू नकोस, खरं-खोटं विचारू नकोस, मिळेल ती सुट्टी काढून ये. तुझी आई असेल तशीच असेल. त्या दिवसापासून घरात माझ्याकडेच बघायला कुणीतरी लागेल.

तुझाच,
बाबा